मेडिकलमधल्या युरिन स्ट्रिप्स मांजरासाठी वापरल्या, कशा वाटल्या

माणसांसाठी मिळतात त्याच या, ५० ची डबी. ग्लुकोज आणि कीटोन (शरीर शुगरऐवजी चरबी जाळायला लागलं की तयार होतात ते) दोन्ही दाखवणाऱ्या घ्या, नुसत्या ग्लुकोजवाल्या नको.

आमचा बोका न्यूटर केलेला, वय झालेला, वर जाडा, म्हणजे डायबेटिसला आमंत्रणच. पाण्याचं भांडं सारखं रिकामं व्हायला लागलं, लिटरमधले (शी-शूच्या ट्रेमधली माती) लघवीचे लिंबाएवढे गोळे संत्र्याएवढे झाले, आणि खातोय दाबून पण पाठीवर हात फिरवला की हाडं लागतायत. घरचे म्हणे उन्हाळा आहे, पिणारच पाणी. अहो पण उन्हाळ्याने मांजर असं वाळतं का! (काही मांजरं मागच्या टाचा टेकवून चालायला लागतात, तोवर शुगरने नसांची वाट लावलेली असते, तेवढं थांबू नका.)

लघवी मिळवणं हाच खरा ताप. ट्रेमधलं लिटर काढून फिश टँकची धुतलेली खडी टाकली, तो उठून गेल्यावर ट्रे तिरका करून पट्टी बुडवली. ग्लुकोजचा निळा चौकोन ३० सेकंदांत ब्राउन, म्हणजे शुगर आहे! निरोगी मांजराच्या लघवीत शुगर दिसतच नाही, रक्तात साधारण २५०-३०० च्या वर गेली की मगच उतरते. दवाखान्यात मांजर एवढं घाबरतं की नुसत्या टेन्शनने रक्तातली शुगर ३०० पार जाऊ शकते, घरी निवांत केलेल्या लघवीत तो घोळ कमी, म्हणून मला या पट्ट्या आवडल्या. नंतर डॉक्टरांनी फ्रुक्टोसामाइन नावाची रक्ततपासणी करायला लावली, त्यात मागच्या दोन-तीन आठवड्यांचं चित्र कळतं, तीही वाढलेलीच आली.

कीटोनचा चौकोन जांभळट झाला आणि मांजर खात नसेल, उलट्या करत असेल तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच गाडी काढायची.

इन्सुलिनचा डोस मात्र पट्टी बघून ठरवू नका, शुगर १०० असो की जीवघेणी ४०, पट्टी निळीच राहते. त्यासाठी कानाच्या कडेला टोचून ग्लुकोमीटर, आणि माणसांचा मीटर मांजराला बऱ्याचदा कमी आकडा दाखवतो, ते डॉक्टरांशी बोलून घ्या. पावसाळ्यात डबीचं झाकण लगेच लावा, दमट हवेने पट्ट्या बाद होतात.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो रंगांच्या चार्टसाठी, ट्यूबलाइटखाली हिरवा कुठला नि ब्राउन कुठला काही कळत नाही, दरवेळी पट्टी घेऊन खिडकीपाशी पळायचं.