मूड आणि झोपेची नोंद ठेवणारं अ‍ॅप: काही महिन्यांच्या वापरानंतर

श्वसनाचे व्यायाम, झोपेची नोंद आणि रोजचा मूड, या तिन्हींसाठी मी हे अ‍ॅप कित्येक महिने वापरतेय. व्यायाम उत्तम आहेत आणि आठवड्याचा आलेखही उपयोगी पडतो. तक्रार आहे ती या नोंदी कुठवर पोचतात याबद्दल.

प्रायव्हसी पॉलिसीत सुरुवातीलाच ठळक लिहिलंय, ‘आम्ही तुमचा डेटा विकत नाही.’ बरंच खाली गेल्यावर कळतं की वापराची माहिती अ‍ॅनालिटिक्स कंपन्यांना, म्हणजे लोक अ‍ॅप कसं वापरतात याचं विश्लेषण करणाऱ्यांना, दिली जाते. अशा कंपन्यांचे एसडीके, म्हणजे कोडचे तयार संच, अ‍ॅपमध्ये बसवलेले असतात. आपण बटण दाबलं की त्या ‘इव्हेंट’ची नोंद त्यांच्या सर्व्हरवर जाते, सोबत फोनचं मॉडेल, आयपी अ‍ॅड्रेस आणि बऱ्याचदा जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक. कशासाठी बटण दाबलं हे इव्हेंटच्या नावावरूनच कळू शकतं. डायरीतला एक शब्दही बाहेर गेला नाही, पण मध्यरात्री पॅनिकचा व्यायाम सुरू केला एवढं गेलं, तर लपलं काय?

ही भीती पोकळ नाही. पाळीची नोंद ठेवणाऱ्या ‘फ्लो’वर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ मध्ये हाच आरोप ठेवला होता: गरोदरपण सूचित करणारे इव्हेंट फेसबुक आणि गूगलच्या अ‍ॅनालिटिक्स सेवांकडे जात होते. २०२३ मध्ये ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या ‘बेटरहेल्प’ला अशाच प्रकरणात ७८ लाख डॉलर भरायला लागले. तिथे ईमेल हॅश करून, म्हणजे ठरावीक सूत्राने अक्षर-अंकांच्या संकेतात बदलून, पाठवले जात होते. हॅश केलं म्हणजे ओळख पुसली, असं नाही. समोरच्याकडे तोच ईमेल असेल तर तो तसाच हॅश करून माणूस सहज जुळवता येतो.

अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये कोणते ट्रॅकर, म्हणजे अशी माहिती गोळा करणारे कोड, आहेत हे ‘एक्सोडस प्रायव्हसी’ या वेबसाइटवर बघता येतं. तिथे फक्त कोड असल्याचं कळतं, प्रत्यक्षात काय जातं ते नाही. तरी या अ‍ॅपची यादी बघून मला धक्का बसला. सेटिंग्जमध्ये खोलवर ‘वापराची माहिती पाठवा’ हा पर्याय आधीपासूनच चालू होता. तो बंद केला, फोनमधला जाहिरात आयडीही डिलीट केला. सपोर्टला नेमके इव्हेंट विचारले, तर उत्तरात पॉलिसीचीच लिंक आली.

व्यायामांना पाच तारे, प्रायव्हसीला एक. सबस्क्रिप्शन घेतल्यावरही ट्रॅकर तसेच राहतात, म्हणून मी ते पुढे चालू ठेवलेलं नाही. मूडशी संबंधित इव्हेंट पाठवणं थांबवलं आणि डेटा घेणाऱ्या कंपन्यांची नावं अ‍ॅपमध्येच दिली, तर पुन्हा पैसे भरायला मी तयार आहे.