मराठा मंदिरला जाताय? मग खाली स्टॉललाच बसा

मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरला 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' बघायला जाणार असाल तर आधी एक ऐका, बाल्कनीचं तिकीट काढू नका. पिक्चर टीव्हीवर सगळ्यांचा पाठ झालाय, इथे जायचं ते पब्लिकसाठी आणि खरं पब्लिक खाली असतं.

२० ऑक्टोबर १९९५ ला रिलीज झालेला पिक्चर, कोरोनात थिएटरं बंद होती तेवढे महिने सोडले तर अजून चालूय. २०१५ च्या फेब्रुवारीत १००९ आठवडे झाल्यावर उतरवायचं ठरलं होतं, पण लोकांनी एवढी ओरड केली की परत लावावा लागला. ती ओरड का झाली ते आत बसल्यावर कळतं.

माझ्या शेजारी एक काका होते, संध्याकाळची गाडी होती म्हणे, बॅग दोन पायांच्या मध्ये धरून बसलेले (समोरच स्टेशन आणि एसटी डेपो, त्यामुळे असे बरेच जण असतात) आणि हा माणूस प्रत्येक डायलॉग शाहरुखच्या अर्धा सेकंद आधी बोलत होता, हळू आवाजात, नजर पडद्यावरून न हलवता. मला अजिबात त्रास नाही झाला, उलट दहा मिनिटांत मी पण सुरू. मेंडोलिन वाजलं की शिट्ट्या, अमरीश पुरी कबुतरांना दाणे टाकायला लागले की मागून 'आओ आओ', आणि 'पलट' ला तर विचारूच नका, पुढच्या दोन-तीन रांगांतून सुरुवात होते आणि शेवटच्या 'पलट' पर्यंत अख्खं थिएटर ओरडत असतं, स्पीकरचा आवाज ऐकूच येत नाही. काजोल वळली की टाळ्या. सगळ्यांना माहितीय ती वळणारे, तरी टाळ्या!! शेवटी गाडी सुटते तेव्हा मात्र सगळे चिडीचूप, बाप हात सोडतो आणि मग जो दणका होतो तो घरी सोफ्यावर कितीही मोठा टीव्ही लावा, येत नाही.

मल्टिप्लेक्सच्या रिक्लायनरमध्ये आपण एकेकटेच बघतो ना सिनेमा, जोरात हसलं तरी बाजूचा वळून बघतो. इथे अनोळखी माणूस तुम्हाला टाळी देतो.

बाकी थिएटर १९५८ चं, सिंगल स्क्रीन, हजारभर सीटा, १९६० ला 'मुघल-ए-आझम' चा प्रीमियर इथेच झाला होता. तिकीट इतकं स्वस्त की मल्टिप्लेक्सच्या एका पॉपकॉर्नच्या पैशात घरचे सगळे बघून येतील. शो साडेअकराचा असतो, तरी निघायच्या आधी वेळ बघून घ्या. आणि जमलं तर रविवारीच जा, मधल्या वारी गर्दी कमी म्हणजे आवाजही कमी.