कोल्हापूरला दादाच्या डोळ्याचं पडद्याचं ऑपरेशन – डॉक्टरांना ५ पैकी ५, बिलिंगला २

देवगडहून दादाला कोल्हापूरच्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात नेलेलं, पडदा सुटला म्हणून. त्याचा नंबर मायनस ११, अशा लांबट डोळ्यात पडदा ताणला जाऊन पातळ झालेला असतो, फाटायची भीती जास्त. आधी कडेला वीज चमकल्यासारखं, मग काळे ठिपके, मग एका बाजूनं सावली सरकत आली. तपासणीत जायंट टिअर निघाली, म्हणजे घड्याळाचे ३ तास, ९० अंश किंवा त्याहून मोठी चीर. मॅक्युला, म्हणजे पडद्याचा बारीक बघायचा मधला भाग, अजून सुटला नव्हता म्हणून डॉक्टरांनी अजिबात वेळ घालवला नाही, लगेच ऑपरेशनला घेतलं.

एवढी मोठी चीर असली की पडद्याची कड चादरीसारखी उलटी दुमडते, ती सरळ करणं हेच कठीण काम. व्हिट्रेक्टॉमी करून आतली जेली काढतात, पाण्यापेक्षा जड असं एक द्रव सोडतात, ते तळाशी बसत बसत पडदा सपाट करतं, मग चिरेच्या कडेनं लेझर मारतात आणि शेवटी ते द्रव काढून पडदा जागी धरून ठेवायला गॅस नाहीतर सिलिकॉन ऑइल भरतात. हे सगळं डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून वहिनीला दाखवलं, तिला विचारायला संकोच वाटला नाही.

मला सगळ्यात भावलं ते हे, की गॅस की तेल ठरवायच्या आधी त्यांनी विचारलं, "चेकअपला कुठनं येणार तुम्ही?" आम्ही म्हटलं, तळेरे-वैभववाडीवरनं करूळ घाट चढून. तर म्हणाले, मग तेलच भरू, उंचावर हवेचा दाब कमी होतो तसा डोळ्यातला गॅस फुगतो आणि डोळ्याचं प्रेशर धोकादायक वाढू शकतं, तेलाला घाटाचा काही फरक पडत नाही. किनाऱ्यावरच्या माणसाला हे कोणीतरी आपणहून विचारणं फार मोठं आहे हो! दुसरा डोळाही नीट तपासून पातळ जागी लेझर केलं.

दादाला आता दिसतंय, अजून धूसर आहे, तेल आहे तोवर नंबर वेगळाच राहणार आणि पुढे मोतीबिंदू होईल हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलेलं. ऑपरेशननंतर पडदा नीट धरला जावा म्हणून मान खाली घालून राहणं मात्र फार जड गेलं त्याला, आणि वॉर्डात त्यासाठी धड उशीसुद्धा नव्हती, घरनं मागवावी लागली.

बिलिंगवाल्यांनी तेल काढायचं ऑपरेशन वेगळं असतं हे एस्टिमेटमध्ये धरलंच नव्हतं. काही महिन्यांनी ते करावंच लागतं सहसा, तेव्हा त्याचा आकडा अ‍ॅडमिट व्हायच्या आधी लेखी मागून घ्या.