एसक्यूएलअल्केमीचं सेशन कुठे उघडायचं, कुठे मिटायचं: तीन पद्धती शेजारी शेजारी

‘क्यूपूल लिमिट ऑफ साइज 5 ओव्हरफ्लो 10 रीच्ड.’ एसक्यूएलअल्केमी, म्हणजे पायथनमधून डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी, लॉगमध्ये ही ओळ टाकते. ती पहिल्यांदा दिसली की बहुतेक जण पूलचा, म्हणजे तयार ठेवलेल्या डेटाबेस कनेक्शनांच्या साठ्याचा, आकार वाढवून मोकळे होतात. मीही 5 चे 20 केले होते. दोन दिवस सगळं शांत होतं. तिसऱ्या दिवशी खुद्द पोस्टग्रेसने, म्हणजे आमच्या डेटाबेसने, नवीन कनेक्शन द्यायला नकार दिला. त्याचं काही चुकलं नव्हतं. आमचे 4 वर्कर (सर्व्हिसच्या प्रोसेस), प्रत्येकाचा पूल वेगळा, 20 अधिक 10 ओव्हरफ्लो (गरज पडली तर उघडायची जादा कनेक्शनं), म्हणजे मागणी 120 पर्यंत जाणार. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा 100, त्यातली 3 सुपरयूजरसाठी राखीव. गंमत म्हणजे डेटाबेसला काम जवळजवळ नव्हतंच. बहुतेक कनेक्शनं ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अशी नुसती बसून होती. ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या क्वेरींचा गट) उघडलेलं, पुढे कुणी काही विचारत नाही.

तेव्हा पूल वाढवण्याआधी सेशन, म्हणजे कोडने डेटाबेसशी चालवलेला संवाद, किती वेळ उघडं राहतंय ते बघायला हवं होतं. पायथनमध्ये एसक्यूएलअल्केमीवर वेब सर्व्हिस लिहिताना त्यासाठी तीन पद्धती समोर असतात. नवीन सर्व्हिस सुरू करत असाल किंवा जुनी हलवत असाल, तर निवड करताना हे हाताशी असू द्या.

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सेशन तयार करायला काही लागत नाही, त्याने कनेक्शन अडत नाही. पहिली क्वेरी गेली की सेशन पूलमधून कनेक्शन उचलतं, ट्रान्झॅक्शन सुरू करतं आणि कमिट (बदल पक्के करणं), रोलबॅक (मागे घेणं) किंवा क्लोज होईपर्यंत ते सोडत नाही. नुसतं वाचन केलं तरी हाच प्रकार. ‘आपण तर फक्त सिलेक्ट मारला’ हे कारण चालत नाही.

स्कोप्ड सेशन: कुठूनही हात घाला

फ्लास्क या वेब फ्रेमवर्कवाल्यांची ही जुनी, ओळखीची वाट. सेशन एक जागतिक वस्तू असल्यासारखं दिसतं, पण आतून प्रत्येक थ्रेडला त्याचं वेगळं सेशन मिळतं. रिक्वेस्ट संपली की ‘रिमूव्ह’ बोलवायचं. फ्लास्क-एसक्यूएलअल्केमी हे काम आपणहून करते, आणि 3.0 पासून ती थ्रेडऐवजी फ्लास्कच्या अ‍ॅप कॉन्टेक्स्टला सेशन बांधते.

सोय मोठी आहे. सात फंक्शनं खोल असलात तरी सेशन पॅरामीटर म्हणून पोचवावं लागत नाही. पण तेच अडचणीचंही आहे: कोणतं फंक्शन डेटाबेसला हात लावतं हे त्याच्या सहीवरून, म्हणजे नाव आणि पॅरामीटरवरून, कळत नाही. रात्रीच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) किंवा क्यू वर्करमध्ये (रांगेतली कामं उचलणारी प्रोसेस) तेच फंक्शन वापरलं की तिथे ना रिक्वेस्ट असते ना तिचा शेवट. ‘रिमूव्ह’ बोलवायला कुणीच नसतं. सेशन तासन्तास तसंच पडून राहतं आणि आपण सकाळी वाचलेली जुनी किंमत दुपारी खरी मानून चालतो.

फास्टएपीआय या दुसऱ्या वेब फ्रेमवर्कमध्ये तर ही पद्धत नेऊच नका. तिथे साधी, असिंक नसलेली डिपेन्डन्सी (एंडपॉइंटला लागणारी वस्तू पुरवणारं फंक्शन) आणि एंडपॉइंट (रिक्वेस्टचं उत्तर देणारं फंक्शन) दोन्ही थ्रेडपूलमध्ये चालतात, पण एकाच थ्रेडवर चालतील याची हमी नसते. डिपेन्डन्सीने एका थ्रेडवर सेशन उघडलं आणि एंडपॉइंटला दुसऱ्याच थ्रेडचं मिळालं, असं होऊ शकतं. असिंक कोडमध्ये हाल आणखी वाईट: एकाच थ्रेडवर सगळ्या रिक्वेस्ट, म्हणजे सगळ्यांचं एकच सेशन. टास्कप्रमाणे वेगळं करणारी आवृत्ती आहे, पण नवीन कामात ही स्कोप्ड पद्धतच नको असं एसक्यूएलअल्केमीचं स्वतःचं डॉक्युमेंटेशन सांगतं.

रिक्वेस्टमागे एक सेशन

फास्टएपीआय शिकलेल्या प्रत्येकाने हे लिहिलंय: एक जनरेटर फंक्शन, त्यात सेशन उघडायचं, यील्ड करायचं, शेवटी बंद करायचं. एंडपॉइंटने डिपेन्डन्सी म्हणून ते मागायचं. एका रिक्वेस्टमध्ये पाच ठिकाणी मागितलं तरी तेच सेशन मिळतं, कारण फ्रेमवर्क निकाल रिक्वेस्टपुरता जपून ठेवतं. टेस्टमध्ये डिपेन्डन्सी ओव्हरराइड केली की काम झालं. साध्या क्रडला (नोंद बनवा, वाचा, बदला, पुसा) मी आजही हेच घेतो.

खरा घोळ कमिटचा. बऱ्याच टीम कमिट यील्डच्या नंतर टाकतात, म्हणजे एंडपॉइंटवाल्याला विसरता येत नाही. ऐकायला छान वाटतं. पण यील्डनंतरचा कोड नेमका कधी चालतो हे फास्टएपीआयच्या आवृत्तीप्रमाणे बदलत आलंय. 0.106 च्या आधी तो उत्तर पाठवून झाल्यावर चालायचा. 0.106 पासून एंडपॉइंट परतल्यावर, उत्तर पाठवायच्या आधी. 0.118 पासून पुन्हा उत्तर गेल्यावर, कारण स्ट्रीमिंग उत्तरांमध्ये सेशन मधेच बंद पडत होतं. म्हणजे 0.118 वर असाल आणि कमिट यील्डनंतर असेल, तर क्लायंटच्या हातात 201 (नोंद तयार झाली) पडतं आणि कमिट त्यानंतर सुरू होतं. ते फसलं तर क्लायंटला पत्ताही नसतो. फसलं नाही तरी क्लायंटने लगेच तीच नोंद मागितली तर कधीकधी 404 (सापडली नाही). असा बग लोकल मशीनवर महिनाभर सापडत नाही. 0.121 पासून डिपेन्डन्सीला ‘फंक्शन’ स्कोप देऊन हे उत्तराच्या आधी आणता येतं, पण पॅकेज अपडेट करताना कमिटची वेळ सरकणार असेल तर ते कमिट तिथे नसावंच. ते एंडपॉइंटमध्ये किंवा सर्व्हिस फंक्शनमध्ये, डोळ्यांना दिसेल असं लिहा. डिपेन्डन्सीने उघडावं आणि बंद करावं, बस.

दुसरा त्रास चोरपावलांनी येतो. ‘सध्याचा यूजर’ देणारी डिपेन्डन्सी टोकन तपासते आणि यूजर टेबलवर एक क्वेरी मारते. तुमच्या एंडपॉइंटची पहिली ओळ चालायच्या आधीच कनेक्शन उचललं गेलेलं असतं. आता त्या एंडपॉइंटमध्ये पेमेंट गेटवेला कॉल आहे आणि गेटवे 3 सेकंद घेतो असं धरा. पूल मूळ सेटिंगवर, म्हणजे जास्तीत जास्त 15 कनेक्शनं. 15 भागिले 3: एका प्रोसेसमधून सेकंदाला 5 पेमेंट, त्यापुढे रांग. रांगेत 30 सेकंद झाले की वरची लॉगमधली ओळ. त्यात फास्टएपीआयचा थ्रेडपूल मूळ सेटिंगला 40 थ्रेडचा. तेव्हा 15 थ्रेड कनेक्शन धरून गेटवेची वाट बघतायत आणि उरलेले 25 त्या 15 जणांची.

जावाच्या स्प्रिंगवाल्यांना यात नवीन काही वाटणार नाही. त्यांच्याकडे ‘ओपन इन व्ह्यू’ ही रिक्वेस्टभर सेशन उघडं ठेवायची सवय बाय डिफॉल्ट चालू असते आणि स्प्रिंग बूट 2 पासून सर्व्हर सुरू होताना त्याबद्दल लॉगमध्ये इशारा येतो. तो बहुतेक जण वाचत नाहीत, ते वेगळं.

काम तेवढंच सेशन

तिसऱ्या पद्धतीत एंडपॉइंटला सेशन मिळत नाही, सेशन बनवून देणारा सेशनमेकर मिळतो. लागेल तिथे ‘सेशनमेकर डॉट बिगिन’ वापरून विथ ब्लॉक उघडायचा. ब्लॉक नीट संपला तर कमिट, एक्सेप्शन आला तर रोलबॅक, आणि दोन्ही वेळा कनेक्शन पूलमध्ये परत. इंडेंटेशन संपलं की ट्रान्झॅक्शन संपलं, इतकं उघड. ही सोय 1.4 पासून आहे.

तोच पेमेंटचा एंडपॉइंट असा होतो. पहिला ब्लॉक: ऑर्डर वाचा, स्थिती ‘पेमेंट सुरू’ करा. ब्लॉकच्या बाहेर गेटवेला कॉल, त्या 3 सेकंदांत आपल्याकडे एकही कनेक्शन नाही. दुसरा ब्लॉक: निकालाप्रमाणे स्थिती बदला. यावर हमखास प्रश्न येतो, ‘मग अ‍ॅटॉमिक (सगळं होईल किंवा काहीच नाही) कुठे राहिलं?’ ते आधीही नव्हतं. डेटाबेस रोलबॅक केल्याने ग्राहकाच्या कार्डावरून गेलेले पैसे परत येत नाहीत. फरक इतकाच की आता मधली अवस्था टेबलमध्ये दिसते, आणि अडकलेल्या ऑर्डर उचलून गेटवेला पुन्हा विचारणारा एक जॉब लिहावा लागतो. तो लिहायचा कंटाळा असेल तर ही पद्धत अर्धवट राबवू नका.

त्रास इथेही आहेत. ब्लॉकच्या बाहेर आलेला ऑब्जेक्ट वाचायला गेलात की ‘डिटॅच्ड इन्स्टन्स’ची एरर, कारण कमिटनंतर सगळी अ‍ॅट्रिब्यूट शिळी मानली जातात आणि पुन्हा आणायला सेशन उरलेलं नसतं. एकतर ब्लॉकच्या आतच पायडँटिक मॉडेल (सेशनशिवाय वाचता येणारा साधा ऑब्जेक्ट) बनवून घ्या, नाहीतर एक्सपायर-ऑन-कमिट बंद ठेवा. मी पहिलं पसंत करतो. दुसऱ्याने लेझी रिलेशनशिपचा (जोडलेल्या नोंदी वाचताना मागाहून आणण्याचा) प्रश्न सुटत नाही.

आणि ब्लॉकच्या आत ब्लॉक. एका फंक्शनने ब्लॉक उघडला, आतून दुसरं बोलावलं, त्यानेही स्वतःचा उघडला. आता ट्रान्झॅक्शनं दोन, कनेक्शनं दोन. आतलं कमिट झालं आणि बाहेरचं फसलं की अर्धाच डेटा शिल्लक. लोड वाढला की प्रत्येक रिक्वेस्ट एक कनेक्शन धरून दुसऱ्यासाठी अडून बसते आणि पूल स्वतःलाच कुलूप लावून घेतो. आमच्याकडचा नियम साधा आहे: ब्लॉक फक्त सर्वात वरचं सर्व्हिस फंक्शन उघडेल, खालच्यांनी सेशन हातात घ्यायचं, उघडायचं नाही. रिव्ह्यूमध्ये हे मी अजूनही महिन्यातून एकदा तरी पकडतो.

असिंक असेल तर कुठलीही पद्धत घेतली तरी दोन गोष्टी टळत नाहीत. लेझी लोडिंग चालत नाही, ‘मिसिंग ग्रीनलेट’ येतं, म्हणून रिलेशनशिप आधीच सिलेक्टइनलोडने आणायच्या. आणि एकच सेशन गॅदरमधल्या, म्हणजे एकत्र चालणाऱ्या, दोन टास्कना वाटायचं नाही. रिक्वेस्टमागे एक सेशन घेणाऱ्यांकडून ही दुसरी चूक जास्त होते, कारण सेशन समोरच पडलेलं असतं.

मग घ्यायचं काय? चालू फ्लास्क अ‍ॅप असेल तर स्कोप्ड सेशन राहू द्या. फक्त क्रॉन आणि वर्कर अ‍ॅप कॉन्टेक्स्टमध्ये चालतायत ना हे तपासा. फास्टएपीआयवर छोटं क्रड, बाहेरच्या सर्व्हिसला कॉल नाहीत, तर रिक्वेस्टमागे एक सेशन, कमिट हाताने. पेमेंट, एसएमएस, दुसऱ्या टीमची एपीआय, लांबलचक स्ट्रीमिंग, क्यू वर्कर यातलं काहीही आलं की ब्लॉक. एकाच सर्व्हिसमध्ये दोन्ही ठेवले तरी बिघडत नाही, आमच्याकडे वाचनाचे एंडपॉइंट अजून डिपेन्डन्सीवरच आहेत. मात्र बाहेर कॉल करणाऱ्या एंडपॉइंटवर ‘सध्याचा यूजर’वाली डिपेन्डन्सीही स्वतःच्या छोट्या ब्लॉकमध्ये क्वेरी मारून मोकळी झाली पाहिजे, नाहीतर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

कुठून सुरुवात करायची हे पोस्टग्रेसच सांगेल. ट्रान्झॅक्शन उघडं टाकून बसलेलं कनेक्शन तोडणारं ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट’ 9.6 पासून आहे, मूळ किंमत 0, म्हणजे बंद. स्टेजिंगवर ते 2 सेकंदांवर ठेवा आणि नेहमीचा लोड सोडा. ज्या एंडपॉइंटमधून कनेक्शन तुटल्याच्या एरर येतील, तेवढेच आधी ब्लॉकवर हलवा.