फायबरची जोडणी चांगली, सेटिंगचे पान मात्र कुलूपबंद: सांगलीतून एक अभिप्राय

विश्रामबागमधील आमच्या सदनिकेत एका पुरवठादाराची फायबर जोडणी घेऊन मला दोन वर्षे झाली. वेगाबद्दल माझी फारशी तक्रार नाही. पावसाळ्यात दोनदा तार तुटली तेव्हा ती दुसऱ्या दिवशी जोडून मिळाली आणि बिलही ठरल्याप्रमाणेच येते. तरीही हा अभिप्राय लिहावासा वाटला, त्याचे कारण वेगळे आहे. गणेशोत्सवात सोसायटीच्या मंडळाला आरतीचे थेट प्रक्षेपण करायचे होते, म्हणून मी घरच्या वायफायचा पासवर्ड दिला आणि विसर्जन झाल्यावरही तो इमारतीतील निम्म्या पोरांच्या मोबाइलमध्ये तसाच राहिला. तो बदलणे हे खरे तर पाच मिनिटांचे काम आहे. मला त्यासाठी चार दिवस लागले आणि त्यातील दीड दिवस घरात इंटरनेटच नव्हते.

आमच्याकडे दोन डबे आहेत. फायबरची तार ज्यात येते तो पांढरा डबा कंपनीचा असून तो दिवाणखान्यात आहे. मागच्या खोलीत रेंज पोहोचत नाही म्हणून त्याला केबलने जोडलेला दुसरा राउटर मी स्वतः विकत घेतला. घरात सगळे वापरतात ते या दुसऱ्या राउटरचे वायफाय. कंपनीचा माणूस जोडणीच्या दिवशी सेटिंगचे पान ब्राउझरमध्ये उघडण्यासाठीचा १९२.१६८.१.१ असा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून देऊन गेला होता आणि माझ्या राउटरचा सेटिंगचा पासवर्ड मी डायरीत नोंदवून ठेवला होता. एवढे हाताशी असताना अडचण येण्याचे कारण नाही, असे मला वाटले.

पहिली चूक माझीच. मोबाइलवर मराठी कळफलक चालू असल्याने पत्ता देवनागरी अंकांत उमटला आणि ब्राउझरने तो पत्ता न मानता शोधायचा शब्द मानून भलत्याच संकेतस्थळांची यादी समोर ठेवली. या लेखात मी मराठी रीतीप्रमाणे देवनागरी अंक लिहिले असले, तरी प्रत्यक्षात ते इंग्रजी अंकांतच टाकावे लागतात आणि शोधपट्टीत न टाकता पत्त्याच्या पट्टीत, शक्यतो आधी ‘http://’ लावून टाकावे लागतात. काही ब्राउझर आपण होऊन सुरक्षित जोडणीचा आग्रह धरतात आणि राउटरचे पान तसे नसल्यास लाल इशारा दाखवतात. स्वतःच्याच घरातील डब्याच्या बाबतीत, पत्ता बरोबर असल्याची खात्री करून, तो इशारा ओलांडायला हरकत नाही.

लॅपटॉपवर पान उघडले. डायरीतील पासवर्ड टाकला, तो चुकीचा ठरला. तीनदा चुकल्यावर पान काही मिनिटांसाठी बंद झाले. दोन दिवस हेच चालले.

मग मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला आणि या सेवेची खरी उणीव तिथे दिसली. पलीकडच्या मुलीने अत्यंत नम्रपणे आधी डबा बंद करून चालू करायला सांगितले, नंतर मागच्या छिद्रात टाचणी घालून दहा सेकंद दाबायला सांगितले. हे केल्याने काय पुसले जाईल, हे तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. फायबर ठीक होते, तार तुटल्याचा लाल दिवाही लागला नव्हता. पण जोडणीसाठी कंपनीने दिलेले वापरकर्ता नाव आणि संकेतशब्द त्या डब्यातच साठवलेले असतात, ते रीसेटबरोबर गेले. त्यांच्याशिवाय डबा पुरवठादाराच्या यंत्रणेला आपली ओळख पटवू शकत नाही आणि इंटरनेट सुरू होत नाही. दीड दिवसाने माणूस आला, लॅपटॉप माझ्याकडे पाठ करून धरला, माहिती भरली आणि पासवर्ड विचारल्यावर ‘तो कस्टमरला द्यायची परवानगी नाही’ असे सांगून गेला. डब्याखालच्या पट्टीवर छापलेला पासवर्ड त्यानंतर चालेनासा झाला, म्हणजे तोही बदलला गेला होता. अनेक कंपन्या असे डबे दुरूनही हाताळतात आणि ग्राहकाने आत ढवळाढवळ करू नये अशी त्यांची इच्छा असते, हे मी समजू शकतो. मात्र तसे असेल तर ते जोडणी देतानाच सांगायला हवे होते, पत्त्याची चिठ्ठी देण्याचे मग काय प्रयोजन होते?

उलगडा झाला तो हरभट रस्त्याजवळच्या एका छोट्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात. तिथल्या तरुण तंत्रज्ञाने माझे सगळे ऐकून घेतले, दोन डबे असल्याचे कळताच हसला आणि म्हणाला, ‘काका, चावी तुमचीच आहे, पण दार शेजारच्याचं वाजवताय.’ संध्याकाळी तो घरी आला.

त्याने समजावले ते असे. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ पासूनच्या संकेतानुसार खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. त्यामुळे विश्रामबागेतल्या घरात आणि मिरजेतल्या घरात एकच पत्ता बिनदिक्कत असू शकतो, पण तो कोणत्या डब्याचा हे घराघरावर ठरते. आमच्या घरी १९२.१६८.१.१ हा कंपनीच्या डब्याचा पत्ता आहे. माझ्या राउटरचा पत्ता १९२.१६८.०.१ आहे. मी माझ्या राउटरच्या वायफायवरून पहिला पत्ता टाकत होतो, तेव्हा माझा राउटर ती मागणी निमूटपणे पुढच्या डब्याकडे पाठवत होता आणि लॉगिनचे पान उघडत होते ते कंपनीच्या डब्याचे. पान उघडले म्हणजे पत्ता बरोबर, या समजुतीने माझे चार दिवस खाल्ले.

पत्ता अंदाजाने टाकू नये, जोडलेल्या यंत्रालाच विचारावा, असे त्याचे सांगणे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा दिली की ‘डिफॉल्ट गेटवे’समोर येतो तो आपल्या राउटरचा पत्ता, मोबाइलवर वायफायच्या तपशिलात तो ‘गेटवे’ किंवा ‘राउटर’ या नावाने मिळतो. यंत्राचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, म्हणून आधी केबल किंवा वायफायची जोडणी तपासावी. इंटरनेट बंद होते त्या दीड दिवसात मोबाइलवर पान का उघडत नव्हते, तेही त्याने दाखवले. सेटिंगच्या पानाला इंटरनेट लागत नाही, पण वायफायवर इंटरनेट नसल्याचे पाहून मोबाइल गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो आणि मग घरातला डबा त्याला सापडत नाही. अशा वेळी डेटा बंद करावा. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटची वाहतूक दुसऱ्या मार्गाने वळवणारी सेवा, चालू असेल तर तेही.

पुढचे काम खरोखर पाच मिनिटांत झाले. डायरीतील पासवर्ड पहिल्या प्रयत्नात चालला, वायफायचा पासवर्ड बदलला, सेटिंगचाही नवा ठेवला. त्याने पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय चालू करून दिले. त्यावरून इंटरनेट मिळते, पण सेटिंगचे पान उघडत नाही, आणि पुढच्या गणेशोत्सवात मंडळाला तेच द्यायचे आहे. बदलानंतर टीव्हीसकट घरातील प्रत्येक यंत्र नव्याने जोडावे लागले, हे सौ.ने मला दोन दिवस ऐकवले. तंत्रज्ञाने दोनशे रुपये घेतले आणि दोन्ही डब्यांवर पत्ता लिहिलेली पट्टी न मागता चिकटवून दिली.

जोडणीला मी पाचपैकी चार तारे देईन, मदत क्रमांकाला एक आणि त्या दुकानाला पाच. रीसेट सांगण्यापूर्वी ग्राहकाकडे जोडणीचे वापरकर्ता नाव व संकेतशब्द आहेत का, हे विचारावे आणि नसल्यास ते संदेशाने पाठवावेत, अशी लेखी मागणी मी कंपनीकडे केली आहे. तक्रार क्रमांक आला आहे, उत्तर अजून आलेले नाही.