‘पिन लावा, बिल विसरा’: प्लगच्या सोलरमध्ये असे फसवतात

बेळगावच्या वडगावातल्या एका कौलारू घरात ३२,००० रुपयांना ‘८०० वॉटचं सोलर’ गळ्यात मारलं गेलं. दोन पॅनेल, त्यांच्या पाठीला चिकटवलेला छोटा इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारा डबा, बॅटरीवाला नव्हे) आणि टोकाला तीन पिनांची टॉप. विकणारा म्हणाला, कुठलीही परवानगी नको, स्वयंपाकघरातल्या सॉकेटात पिन घाला, मीटर आपोआप उलटं फिरेल. शाहपूर, खासबाग, निपाणी, खानापूर, कुठेही असा माणूस दारात उभा राहिला तर आधी मापाची टेप काढा.

प्रत्येक पॅनेलवर ‘४०० वॉट’ असं स्टिकर होतं आणि माप होतं साडेतीन फूट बाय दोन फूट. आजच्या चांगल्या पॅनेलमधून एका चौरस मीटरला साधारण २०० ते २२० वॉट मिळतात. हे पॅनेल जेमतेम ०.६५ चौरस मीटरचं, म्हणजे १४० वॉटच्या आसपास. ८०० वॉटचे पैसे घेऊन २८० वॉटचा माल दिला. स्टिकर कुणीही छापतो, लांबी-रुंदी मात्र खोटी करता येत नाही.

पॅनेल खऱ्या मापाचं निघालं तर फटका दुसरीकडून बसतो. आपल्याकडचे बरेच साधे डिजिटल मीटर बाहेर गेलेली वीजसुद्धा वापर म्हणूनच मोजतात. चोरी पकडायला त्यांची रचनाच तशी असते. दुपारी घरात एखादा पंखा आणि फ्रिज चालू असतो. उरलेली वीज तारेवर जाते आणि तुमच्याच बिलात चढते. त्यात आपल्याकडे गृहज्योती आहे, म्हणजे कर्नाटक सरकारची २०० युनिटपर्यंतच्या मोफत विजेची योजना. ज्यांचं बिल शून्य येतं त्यांची यातून एका पैशाचीही बचत नाही, उलट आकडा २०० युनिटच्या पुढे सरकला तर त्या महिन्याचं सगळं बिल भरावं लागतं. बिल कन्नडमध्ये असतं, म्हणून घरातली वयस्क माणसं ते विक्रेत्यालाच वाचायला देतात. तसं करू नका. शेजारच्या शाळकरी पोराला विचारा, तो जास्त खरं सांगेल.

पैसे गेले तर पुन्हा कमावता येतात. आम्हाला खरी काळजी आहे ती वायरिंगची. जुन्या घरांत लाकडी पट्टीवरची वायर, तिचं रबर कडक होऊन तडकलेलं, जाडी एक किंवा दीड चौरस मिलिमीटर, आणि बोर्डावर किटकॅट फ्यूज, म्हणजे तार बांधायचा जुना चिनी मातीचा फ्यूज. समजा फ्यूज १० अँपिअरचा आहे. त्याच लाइनवर ८०० वॉटचा इन्व्हर्टर साडेतीन अँपिअर आत सोडतो. आता पुढच्या सॉकेटांवर इस्त्री आणि मिक्सर एकदम चालले तर त्या तुकड्यातून साडेतेरा अँपिअरपर्यंत जाऊ शकतात, आणि फ्यूजला त्यातले फक्त दहाच दिसतात, कारण इन्व्हर्टरचे साडेतीन फ्यूजमधून जातच नाहीत. तो उडत नाही, वायर तापत राहते. फ्यूज सारखा जातो म्हणून कुणी दुहेरी तार बांधलेली असेल तर विचारूच नका. कौलाखालच्या वाशांना लागूनच ही पट्टी गेलेली असते.

अर्थिंगचंही तेच. सॉकेटाला तिसरं भोक दिसतं, पण मागे वायरच नसते. इन्व्हर्टरमध्ये गळती झाली की पॅनेलची अ‍ॅल्युमिनियमची चौकट करंट धरते, आणि गच्चीवर तिच्या शेजारीच ओले कपडे वाळत असतात. अशा घरात अर्थ आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय सोलरचं नाव काढू नये.

तिसरी गोष्ट पिनेची. लाइट गेली की ग्रिडवरचा, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला, इन्व्हर्टर दोन सेकंदांच्या आत स्वतःहून बंद व्हायला हवा. तसं संरक्षण नसलेल्या स्वस्त मालाची पिन उन्हात उपसली तर तिच्यावर २३० व्होल्ट राहू शकतात, आणि खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतू शकतं. इन्व्हर्टरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक आणि आयएस १६२२१, आयएस १६१६९ ही मानकं नसतील तर तो घरात घेऊ नका.

‘जर्मनीत चालतं’ हे विकणारे हमखास सांगतात. चालतं, २०२४ पासून ८०० वॉटपर्यंत, पण तिथेही नोंदणी करावी लागते. आपल्याकडे ग्रिडला जोडायचं तर हेस्कॉमकडे (आपल्या वीज कंपनीकडे) अर्ज, दोन्ही बाजूंनी मोजणारा मीटर आणि बोर्डापासून वेगळी लाइन हवीच. केंद्राच्या छतावरच्या सोलरसाठीच्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३०,००० आणि ३ किलोवॉट किंवा जास्तीला ७८,००० रुपये अनुदान आहे. ते थेट तुमच्या खात्यात येतं, एजंटाच्या हातात नाही.

घेऊन बसला असाल तर आधी पॅनेलवर जाड, अपारदर्शक कापड घाला, सॉकेटाचं बटण बंद करा, मग पिन काढा. पिनांना हात लावू नका, आणि ऊन असताना डीसी कनेक्टर, म्हणजे पॅनेल आणि इन्व्हर्टरमधले जोड, ओढू नका. स्टिकर आणि टेपसकट पॅनेलचा फोटो, पावती, यूपीआयची नोंद जपून ठेवा. ऑनलाइन पैसे उकळले असतील तर लगेच सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन करा, मालाची तक्रार ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या मालासाठी फी लागत नाही.