केटीएम आरसी 390 ला स्टिअरिंग डॅम्पर लावला, आणि बहुतेक वेळ तो सैलच ठेवतो

तवंदी घाट उतरून निपाणीच्या सपाटीला लागलो होतो. पुलाच्या जोडावरून गाडी गेली तेव्हा थ्रॉटल उघडाच होता. वेग सांगत नाही, आमची आई हे वाचते. पुढचं चाक क्षणभर हलकं झालं, टेकलं ते जरा तिरकं, आणि हँडल डावी-उजवीकडं असं थडथडायला लागलं की हातात राहीना. दोनच सेकंद असतील. थांबलं तेही आपोआप. मग ब्रेक दाबला तर लिव्हर थेट ग्रिपला येऊन टेकला, दुसऱ्या दाबाला ब्रेक लागला. चाक असं हललं की डिस्क पॅडना मागं ढकलते आणि पहिला दाब फुकट जातो, हे नंतर समजलं. तेव्हापासून हँडल जरा जरी हललं तरी आधी लिव्हर दोनदा दाबून घ्यायची सवय लागली आहे.

गाडी 2016 ची आरसी 390. त्याच पिढीच्या ड्यूकचा ट्रेल (हँडलचा अक्ष जमिनीला जिथं भिडेल तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) 100 मिमी, हिचा 88, आणि हेड, म्हणजे हँडल ज्या नळीत फिरतं ती, तीही दीड अंशानं जास्त उभी. वळणात ती पटकन पडते ती यामुळंच, आणि सरळ रस्त्यावर डोकं हलवते तीही यामुळंच. हँडलचे झटके अडवणारा डॅम्पर, म्हणजे तेल भरलेली नळी आणि तिच्यात पिस्टन लावलेला रॉड, कंपनीकडून येत नाही. होंडानं 2004 च्या फायरब्लेडला वेग बघून आपोआप घट्ट होणारा इलेक्ट्रॉनिक डॅम्पर दिला होता, पण ती वेगळ्या घरची लेक.

पहिला डॅम्पर घेतला ऑनलाइन. सोनेरी, 3,400 रुपये. नाव घेत नाही. नॉबला आठ क्लिक होते, ते फक्त आवाजाचे. रॉड हातानं ओढला की मधला सेंटिमीटरभर भाग मोकळाच जायचा, कारण आत तेलाबरोबर हवा. आता हँडल सरळ असताना पिस्टन असतो नेमका मध्येच. म्हणजे जिथं कामाची गरज तिथंच सुट्टी! दोन महिन्यांत सीलमधून तेल गळून टाकी ओशट झाली.

गॅरेजवाला म्हणाला, "डॅम्पर ऱ्हाऊ दे बाजूला. कोनसेट बघितलास काय कधी?" कोनसेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. त्यानं पुढचं चाक उचललं, शॉकअप खालून धरून मागंपुढं हलवले. टक्. मग हँडल एका बोटानं हळू फिरवलं, तर बरोबर मध्यावर येऊन अडकलं. बेअरिंगच्या कड्याला, म्हणजे रेसला, खड्डे पडले होते. पुढचा टायरही कडेला उंच-सखल झिजलेला. कोनसेट बदलला, टायर नवा घातला, हवा मोजून भरली आणि पुन्हा त्याच पुलावरून गेलो. हलणं तीन हिस्से गेलं होतं, आणि गाडीला तेव्हा डॅम्परच नव्हता. तुमचं हँडल हलत असेल तर आधी हे करा. डॅम्परनं खराब कोनसेट झाकला जातो, बरा होत नाही.

उरलेला एक हिस्सा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जाणवला, वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल उघडला की. म्हणून मग पुण्याच्या एका रायडरकडून वापरलेला ओहलिन्स घेतला, 14,000 ला. नळीसारखा सरळ, लिनिअर प्रकारचा. हातात घेतल्याबरोबर फरक कळतो. रॉड मोकळा कुठंच जात नाही, दोन्ही बाजूंना सारखाच जड, आणि प्रत्येक क्लिक बोटांना समजतो. हळू ओढला तर लोण्यासारखा येतो, झटका दिला तर अडतो. शिवाय उघडून सील आणि तेल बदलता येतं.

बसवताना माझा शहाणपणा नडला. ब्रोशरमध्ये फोर्क, म्हणजे पुढचे शॉकअप, 43 मिमी लिहिलंय म्हणून डॅम्पर फोर्कला धरून ठेवणारा क्लॅम्प 43 चा मागवला. अपसाइड-डाऊन फोर्कमध्ये 43 ही खालची चकचकीत नळी. क्लॅम्प बसतो वरच्या जाड नळीवर, तिथं व्हर्नियर पन्नाशीच्या पुढं गेला. शेवटी शिवाजी उद्यमनगरात एका काकांकडून अॅल्युमिनियमचा क्लॅम्प करून घेतला. त्यांनी डॅम्पर उलटासुलटा केला, रॉड ओढून बघितला. "बँकेच्या दाराला असतंय तसलंच की हे. आपटू नये म्हणून." मी इतके दिवस व्हिडिओ बघून जे समजून घेत होतो ते संपलं एका वाक्यात.

ब्रॅकेट लावण्याआधी हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत (लॉक टू लॉक) फिरवून क्लॅम्प किती सरकतो ते मोजा. माझा 58 मिमी सरकत होता, रॉडचा स्ट्रोक त्याहून जास्त निघाला. हँडल नेहमी फ्रेमच्या स्टॉपला अडलं पाहिजे. ते डॅम्परच्या टोकाला अडत असेल तर हळू वेगात यू-टर्न घेताना गाडी अंगावर येईल, नाहीतर रॉड वाकेल. आणि हँडल सरळ असताना पिस्टन मध्यावर हवा.

सेटिंगचं म्हणाल तर पूर्ण सैलपासून सुरू करा आणि दोन-दोन क्लिक चढवा. मी हौसेनं थेट बारावर गेलो. शिरोली नाक्याच्या गर्दीत गाडी दारू प्यायल्यासारखी चालली, कारण चालत्या माणसाच्या वेगाला तोल सांभाळायला हँडल सतत बारीक हलावं लागतं आणि तेच अडत होतं. हायवेला आणखी वाईट. पुढच्या चाकाचं थडथडणं गेलं, पण मोठ्या वेगाला सगळी गाडीच सावकाश डुलायला लागली. जास्त घट्ट डॅम्परनं हे डुलणं वाढतं, ही ऐकीव गोष्ट त्या दिवशी पटली. आता गावात शून्य ते दोन, हायवेला पाच, ट्रॅकवर सात. आंबा घाटात तीनच्या वर नेत नाही, वळणावरून वळणावर टाकताना हात भरून येतात. पावसाळ्यात दोनच, पुढचं चाक काय सांगतंय ते हाताला कळावं म्हणून.

तक्रार एकच. रॉड उघडा असतो. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागनं आलं की त्यावर मातीचा थर, आणि तो तसाच राहिला की सील जाणार. रोज फडकं मारावं लागतं. रोज ऑफिसला जायला आरसी वापरत असाल तर हे पैसे टायरमध्ये घाला.

जुना सोनेरी डॅम्पर काकांनी मागून घेतला, शॉपच्या ऑफिसच्या दाराला लावायला. परवा गेलो होतो. दार अजून आपटतंय.